बाटलीचा तळ तुझा

प्रशांत, रविवारी तुझा मालक महाडला येऊन गेला. त्याचा सूड मी घेतला. तुझा घ्यायचा राहिलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलतायत. तुझ्या दिवसांत वरंधच्या घरी बसायला आलेली माणसं, पुण्याहून आलेले तुझे मित्र, सगळ्यांचं एकच, की किती शांत मुलगा, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मी पडवीच्या कोपऱ्यात बसून दातओठ खात होते. मला तू उलटून बोलला आहेस. फेब्रुवारीत, महाडच्या एसटी स्टँडवर, रसवंतीपाशी, चार माणसं बघत असताना. त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही आणि मग तू मेलास. भांडण अर्ध्यावर टाकून जायचं ही तुझी जुनी खोड आहे. लहानपणी हरायला लागलास की म्हणायचास, आई हाक मारतेय, आणि पळून जायचास. या वेळी तर मामीनं हाकही मारली नव्हती.

तू माझा मामेभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. तुझी आत्या ती माझी आई. हे तुला सांगायची गरज नाही, पण आपलं भांडण सगळं या नात्यावरच होतं, म्हणून पहिल्यापासून मांडते. कुणी तिसऱ्यानं वाचलं तर त्यालाही कळू दे कोण चुकलं.

मी प्रशिक्षणासाठी तीन दिवस पुण्याला आले होते तिथपासून धर. घरी सगळ्यांना तू ‘हॉटेलात आहे’ असं सांगितलं होतंस, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या हॉटेलात मागच्या बाजूला मोठाल्या स्टीलच्या टाक्या होत्या आणि त्यांत तू बिअर बनवायचास. मामानं दारूपायी घराची काय दशा केली ते सगळ्या भावकीनं पाहिलेलं. त्याचाच मुलगा बिअर बनवतो हे वरंधला सांगायची सोय नव्हती. आईसमोर तर दारू हा शब्दही चालत नव्हता. मला तेवढं तू सांगितलंस आणि त्या संध्याकाळी टेबलाशी बसवून माझ्यापुढे चार छोटे ग्लास ठेवलेस.

पहिला कोकमाचा होता. रंग सुरेख. मी मोठा घोट घेतला आणि रुमालात थुंकले. म्हटलं, सोलकढी नासली की अशी लागते. तू रागावशील असं वाटलं होतं. तू खुर्ची पुढे ओढलीस आणि म्हणालास, “पयल्या घोटाला तोंड रागावतं. दुसऱ्याला ऐकून घेतं. मत काय ते तिसऱ्यानंतर. पी गो ताय.”

दुसऱ्या ग्लासात मीठ आणि धने होते. कोणी शहाणा माणूस बिअरमध्ये मीठ घालतो का, असं मी विचारलं, तर म्हणालास, ताकात चालतं तर इथं का नाही. तिसरा कैरीचा, त्यानं दात आंबले. चौथ्याला पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास येत होता. तो वास मुद्दाम आणलाय, त्याला दीड वर्ष लाकडी पिंपात ठेवलंय, असं तू इतक्या अभिमानानं सांगत होतास की मला तुझी काळजी वाटली. तीन घोटांचा नियम मी पाळला आणि तिन्ही घोटांनंतर माझं मत तेच राहिलं.

पुढच्या खेपेला मी पर्समध्ये आंबटपणा मोजायचा पीएच मीटर घेऊन आले. मी औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासते, मला आकड्यांशिवाय सुचत नाही. तुझ्या कोकमाच्या बिअरचा आकडा आला तीन पूर्णांक दोन. म्हटलं, असलं पाणी आमच्याकडे आलं तर आम्ही ते बाहेर सोडू देत नाही, आधी चुना घालतो. तू पोट धरून हसलास. मग हसू आवरून विचारलंस, “तू आकडा पितेस का बिअर पितेस?”

ते मी मनात ठेवलं. मी गोष्टी मनात ठेवते हे तुला चांगलं ठाऊक होतं.

मग तू आईकडे आलास, ती माझ्याकडेच राहते. माझ्यासमोर म्हणालास, आत्या, थोडं आंबवण दे, हॉटेलात लागतंय. आईनं विचारलं नाही कशाला. तिच्यासारखी आंबवण राखणारी बाई आता महाडात शोधून सापडायची नाही. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून गाडग्यात ठेवायचं, ते आंबलं की त्यातलं रोज लागेल तेवढं काढून आंबील शिजवायची, पण गाडगं कधी पुरतं रिकामं करायचं नाही. तळाला चार बोटं ठेवायची आणि वर नवं पीठ-पाणी घालायचं. लग्न होऊन वरंधहून निघाली तेव्हा आजीनं तिच्या हातात फडकं बांधलेलं गाडगं दिलं होतं. तेच आंबवण अजून चालू आहे. वरंधच्या घरात मात्र ते केव्हाच संपलं, कारण मामीनं आंबील सोडून चहा-बटर धरलं. आईनं तुला नव्या गाडग्यात अर्धं काढून दिलं. तू ते वरंधला नेलंस, मामीला रोज पीठ घालायला शिकवलंस आणि दर पंधरवड्याला घाट चढून-उतरून यायचास. गाडग्यातलं पीठ तू नेत नसायचास. वर जमलेली आंबट निवळ तेवढी स्टीलच्या कॅनमध्ये भरून पुण्याला न्यायचास आणि टाकीत ओतायचास. वरंधा घाट बंद असला की ताम्हिणीवरून लांबचा वळसा घ्यायचास. मला तेव्हा हे वेडेपण वाटायचं. पुण्यातच का ठेवत नाहीस, असं मी कितीदा विचारलं, तू विषय बदललास.

हे तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. मला ती बिअर आवडायला लागली ती दुपार मला नेमकी आठवते. उन्हाळ्यात वरंधच्या पडवीत आपण बसलो होतो, मामी बाजाराला गेलेली. तू करवंदाची बाटली उघडलीस. मामीनं सुके बोंबील तळून ठेवले होते, तिखट आणि तेलकट, सोबत तांदळाची भाकरी. बोंबलाचा तुकडा खाल्ला, वर एक घोट घेतला आणि एकदम तोंड धुतल्यासारखं झालं. तेल गेलं, तिखट गेलं, आणि मागं करवंदाच्या चिकाची ती तुरट चव उरली जी आपण डोंगरात हात ओरबाडून घेत खायचो. मला आणखी एक घोट हवासा वाटला, त्याच्या मागून आणखी एक. घोट मोजायचे मी विसरले. तू माझ्याकडे बघत होतास. विचारलंस, कशी हाय? मी म्हटलं, ठीक आहे.

मुद्दाम म्हटलं. लहानपणापासून तू मला चिडवत आलास, नंदाताईची जीभ दुधाची, तिला चिंचेचं बुटुकसुद्धा सोसत नाही. वाटलं, चांगली आहे म्हटलं तर हा जन्मभर वाजवत बसेल. मग पुढची तीन-चार वर्षं प्रत्येक बाटलीला मी ठीक आहे म्हणत राहिले. त्याच काळात साधी बिअर मला पाणचट लागायला लागली. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेले की मी लिंबू मागून घ्यायची. जांभळाच्या बिअरमध्ये शेवटी मिरीचा वास कुठून येतो, यावर मी नवऱ्याचं डोकं खायची, आणि तो बिचारा लिंबू सरबतापलीकडे काही पीत नाही. हे सगळं तुझ्या अपरोक्ष. तुझ्यासमोर, ठीक आहे.

आता मालकाकडे येते.

आंबवणाच्या निवळीवर तू केलेली बिअर चालली. फार चालली. मालकानं तिला नाव दिलं ‘आजीची आंबील’. एकदा मैत्रिणीनं फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यात मालक स्वच्छ एप्रन घालून टाकीपाशी उभा होता आणि सांगत होता, की लहानपणी गावी माझी आजी नाचणी आंबवायची, तिच्या हातची ती चव मी जगापुढे आणली. तू मागे होतास. होज पाइप गुंडाळत होतास. तूच मला सांगितलं होतंस की या माणसानं तुला पहिल्या दिवशी विचारलं होतं, नाचणी झाडाला लागते का कणसाला. आणि आता त्याला आजी फुटली होती. ती आपली आजी होती. चुलीपुढे बसून जिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही, ती बाई यानं उचलून स्वतःच्या घरात नेऊन बसवली.

म्हणून मी फेब्रुवारीत स्टँडवर तुझी वाट बघत उभी होते. घाट बंद होता, तू कॅन घेऊन ताम्हिणीवरून आलेल्या पुण्याच्या गाडीतून उतरलास, वरंधची गाडी लागायला अर्धा तास होता. मी विचारलं, तू गप्प का बसलास? म्हणालास, “लोक पितायत ना गो. नावाला काय करायचंय?” मी म्हटलं, तुला कणाच नाही. तू हसलास. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं आणि मी जे बोलायला नको होतं ते बोलले. आईला फसवून तिच्या आंबवणाची दारू करतोस, म्हटलं. बापाच्याच वळणावर गेलास.

तुझा चेहरा मी विसरलेले नाही. तुझा आवाज चढलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. “आंबवण आमच्या घरचं हाय. आत्यानं नेलंन, मी परत आणलं. तुझा काय संबंध?”

रसवंतीवाला चरक थांबवून बघत होता. तू पिशवीतून एक बाटली काढून माझ्या बाजूला बाकावर ठेवलीस, मागं न बघता गाडीत चढलास. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर तुझ्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, ‘वरंधची करवंदं. घाई करू नको.’ मी ती घरी नेली आणि तांदळाच्या डब्यामागं ढकलून दिली. ठरवलं, हा माफी मागेपर्यंत उघडायची नाही.

तू मागितली नाहीस. मार्च गेला, मे गेला, करवंदं येऊन गेली. जुलैत तू भाताच्या लावणीला वरंधला आलास. मामीचा फोन आला, प्रशांतला ताप हाय, साधाच असंल. मी मनात म्हटलं, तापात का होईना, फोन करू दे स्वतः. चार दिवस तू चिखलात ताप अंगावर काढलास आणि चार दिवस मी फोनकडे बघत बसले. तो साधा ताप नव्हता, चिखलपाण्यातून होणारा लेप्टो होता. मी पोचले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास. भांडायला समोर माणूस शुद्धीत लागतो, प्रशांत.

आणि आता माझा गुन्हा सांगते. बाकी कुणाला सांगितलेला नाही.

तुझ्या दहाव्याला घर सारवून-धुवून झालं. आपल्यात सुतक फिटताना घरातली मातीची भांडी ठेवत नाहीत, साठवलेलं पाणी ओतून देतात. मामीनं पाण्याची मडकी परसात नेऊन फोडली. मग आत गेली आणि माजघराच्या कोपऱ्यातलं तुझं गाडगं घेऊन आली. फडकं बांधलेलं. त्यात जीव आहे हे मामीला कधी कळलंच नव्हतं. तू सांगितलंस म्हणून ती रोज पीठ घालायची, एवढंच. मी पडवीत उभी होते. माझ्या पुढ्यातून ती गेली. मामी, थांब, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही. मला तुझे शब्द ऐकू येत होते, आमच्या घरचं हाय, तुझा काय संबंध. मनात आलं, असू दे. तुमच्या घरचं तुमच्या घरच्या रीतीनं जाऊ दे. मामीनं ते केळीच्या बुडाशी ओतलं आणि गाडगं दगडावर आपटलं. आंबट वास परसभर पसरला. मला बरं वाटलं. खरं सांगते, मिनिटभर बरं वाटलं. मग परत येताना गाडी बिरवाडीच्या पुढे आली आणि मला हुंदका फुटला. शेजारची बाई विचारत राहिली काय झालं, तर तिला काय सांगणार? आईकडचं आंबवण होतं, ते मूळ. पण तुझं इतक्या वर्षांत वेगळं झालं होतं. तू त्याला करवंदाची सालं दाखवलीस, रानातली फुलं दाखवलीस, त्याच्या वासावरून कळायचं की हे प्रशांतचं. ते जगात एकाच ठिकाणी होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत केळीला गेलं.

या रविवारी दुपारी मालक आला. मामीकडे जाऊन आला होता. तिच्याकडून कळलं की असलंच गाडगं आत्याकडे आहे. मोठी गाडी, हातात चौकट घातलेला तुझा फोटो. बसला, डोळे पुसले, प्रशांत आमच्या कुटुंबातलाच होता म्हणाला. मग कामाचं बोलला. ‘आजीची आंबील’ संपत आली आहे, शेवटची टाकी उरली आहे, आणि कल्चर, म्हणजे आपलं आंबवण, नाही.

“ताई, खूप समजावलं त्याला,” तो सांगत होता. “फ्रीज घेऊन दिला, वेगळी खोली देतो म्हटलं. पण त्यानं एक थेंब आमच्याकडे ठेवला नाही. दर पंधरा दिवसांनी कॅन घेऊन यायचा, सगळा टाकीत ओतायचा आणि कॅन स्वतः उकळत्या पाण्यानं धुवायचा. म्हणायचा, हे वरंधच्या बाहेर टिकत नाही.”

प्रशांत, मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. वरंधच्या बाहेर टिकत नाही? महाडात, आईच्या हाताखाली ते चाळीस वर्षं टिकलं होतं, आणि आत्ता दहा पावलांवर माझ्या स्वयंपाकघरात होतं. तू त्याला धडधडीत खोटं सांगितलंस. सहा वर्षं दर पंधरवड्याला सांगितलंस. नाव त्याचं, आजी त्याची, टाक्या त्याच्या, आणि वेसण तुझ्या हातात. ज्या दिवशी तू येणार नाहीस त्या दिवशी त्याची बिअर बंद. आणि मी तुला म्हटलं होतं कणा नाही.

तरी मी त्याला एक संधी दिली. विचारलं, फलकावर प्रशांतचं नाव घालाल का? त्यानं चेहरा अवघडल्यासारखा केला. म्हणाला, ताई, ब्रँड ठरून गेलाय, लोकांना आजी आवडते. पण फोटो आम्ही नक्की लावू, आत, स्टाफ जेवतो तिथे.

मी म्हटलं, बसा, देते.

आत गेले. आईच्या गाडग्यातली वरची निवळ अलगद काढली आणि पातेल्यात घालून गॅसवर ठेवली. चांगली खळखळ उकळी येऊ दिली. उकळलेल्या निवळीचा रंग तोच राहतो, चवही आंबटच राहते, मीटर लावला तर आकडाही तोच. फक्त आतलं सगळं मेलेलं असतं. आई पाटावर भाजी निवडत होती. म्हणाली, “उकळतेस कशाला? मरंल ना ती.”

“मरू दे,” मी म्हटलं.

आईनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. जुडी सोडवता सोडवता म्हणाली, “मंग मीठ पण टाक चिमूटभर.”

पातेलं थंड पाण्यात ठेवलं, कॅन भरला, वर स्वच्छ फडकं बांधलं. त्याला सांगितलं उन्हात ठेवू नका. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. जाताना आईच्या पाया पडला, आजी, आशीर्वाद द्या म्हणाला. ज्या बाईची आई त्यानं चोरली तिच्याच पाया पडला, आणि त्याला ते कळलंही नाही. आई म्हणाली, सावकाश जा बाबा, घाटात धुकं हाय.

गाडी गेल्यावर मला इतका आनंद झाला की मी ओट्याशी उभी राहून हसत होते. आईला म्हटलं, प्रशांत असता तर त्याला कळलं असतं सूड कशाला म्हणतात. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला सगळं सांगायला घेतलं. तू हॉटेलात काय करायचास, आंबवण कशाला न्यायचास, मी तुला तिच्यावरून काय बोलले.

आई म्हणाली, “मला ठाव हाय. आंबवण नेल्यावर महिन्यानं आलेला ना, तेवाच सांगितलंन. वाटीत ती दारू घेऊन आला हुता. शिवी घातली मी त्याला आधी, बापाचं नाव घेऊन. गप ऐकलंन. मंग म्हणाला, आत्या, बोट बुडवून बघ नुस्तं. बघितलं. आयची आंबील हाय ही, म्हटलं. रडला पोर.”

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत दोघांनी?

“मी शपथ घातलेली त्याला. भावाला दारूपायी घराबाहेर काढलेली बाय मी, माझ्या तोंडाला ती लागली हे भावकीत कळलं तर?” मग म्हणाली, “आणि तू इचारलंस कुठं? तू भांडत हुतीस.”

हे तुझं मी कधी माफ करणार नाही. स्टँडवर तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतास. आत्याला ठाऊक आहे, एवढं म्हणायचं. तू शपथ पाळलीस आणि माझ्याकडून बापाचा उद्धार ऐकून घेतलास. मला चूक ठरवायची संधी होती, ती तू घेतली नाहीस, आणि मला पाच महिने चुकीचीच राहू दिलंस. असला चांगुलपणा सूडापेक्षा वाईट लागतो, प्रशांत. मालक निदान समोर येऊन बसला. तुझ्या तोंडावर मी काय फेकू?

मग मला बाटली आठवली. तांदळाच्या डब्यामागची. माझ्या रागानं सांभाळलेली.

त्याच दुपारी उघडली. झाकण उडताना केवढा आवाज झाला. आई पाट घेऊन जवळ येऊन बसली. मी हळू ओतली, तू शिकवलं होतंस तशी, बाटली तिरकी धरून, तळ न हलवता. पहिल्या घोटाला तोंड रागावलं. ते आधीच रागावलेलं होतं. दुसऱ्याला करवंद आलं, आणि त्याच्या मागं वरंधच्या पडवीचा वास, आंबवणाचा, भिजल्या लाकडाचा. तिसऱ्यानंतर मी ग्लास खाली ठेवला.

“कशी हाय?” आईनं विचारलं.

“आंबट.”

“आणि?”

“चांगली. खूपच चांगली आहे.”

“हे त्याला कधी म्हटलंस?”

मी ग्लास तिच्याकडे सरकवला. आईनं बोट पुढे केलं, ग्लासात बुडवलं, चाखलं आणि उठून आत गेली.

बाटलीत खाली दोन बोटं उरली होती, गढूळ. तू ती कधी कुणाला पिऊ दिली नाहीस. तळ माझा, म्हणायचास, सगळा जीव तिथं असतो, आणि बाटली तोंडाला लावायचास. मी पाणी उकळून गार केलं, नव्या गाडग्यात नाचणीचं पीठ कालवलं आणि तो तळ त्यात ओतला. जर तू माफी मागितली असतीस, किंवा मी, तर ती बाटली मार्चमध्येच संपली असती आणि तळ तुझ्या पोटात गेला असता.

आज गुरुवार. मंगळवारपर्यंत गाडग्यात काही हललं नाही. बुधवारी कडेला बारीक बुडबुडे दिसले. आज सकाळी फडकं काढलं तर वास आला, आणि तो आईच्या आंबवणाचा नव्हता. मी मीटर लावला, आकडा बघितला आणि मग मीटर बाजूला ठेवून बोट बुडवलं.

मालकाचा फोन नऊ वाजता आला. ताई, काहीतरी गडबड झाली, टाकीला नासक्या डाळीसारखा वास मारतोय, सगळी ओतून द्यावी लागली, पुन्हा थोडं देता का? मी अगदी दुःखी आवाजात म्हटलं, “काय करणार हो. ते वरंधच्या बाहेर टिकत नाही.”

रविवारी गाडगं घेऊन वरंधला जाणार आहे. मामीला सांगणार आहे की तिनं ओतलं ते काय होतं, आणि मी बघत उभी होते हेही. तिनं मला पायरीवरून परत धाडलं तर परत येईन. पण गाडगं तिथं ठेवून येईन, कारण ते तुमच्या घरचं आहे. तेवढं तुझं खरं होतं.

आणि तुझा सूड हा. इतक्या वर्षांत तू एकदाही कुणाला दिला नाहीस तो बाटलीचा तळ मी तुला न विचारता घेतला, आणि आता कितीही हाका मारल्यास तरी तो तुला मिळायचा नाही. फिट्टंफाट.